फ्रीज जागेवर

सेटवर तिला सगळे आठवणबाई म्हणत. नावात कौतुक थोडं आणि धास्तीच जास्त होती. मागच्या दृश्यात कप डाव्या हातात होता की उजव्या, त्यातला चहा अर्धा होता की तळाला गेला होता, मालिकेतल्या बाबांच्या शर्टाचं कितवं बटण उघडं होतं, हे सांगणं तिचं काम. अकरा वर्षं ती हेच करत होती. दिग्दर्शक बदलले, नट बदलले, एक स्टुडिओ तर पाडून तिथं दुकानं झाली, पण आठवणबाईचा कागद कधी चुकला नाही. शूटिंगच्या दिवशी सकाळी तो कागद सामान मांडणाऱ्यांकडे जायचा आणि त्यावर लिहिलंय तसं घर उभं राहायचं. समोर डोळ्यांना काय दिसतंय याला तिथं फारशी किंमत नव्हती. आठवणबाईनं लिहिलंय ना, मग तसंच.

मालिका विनोदी होती. कारखाना बंद पडून घरी बसलेले बाबा, रोज काटकसरीचा नवा शोध लावणारी आई, आणि महागाईवर, बेकारीवर, फुकटचे सल्ले देणाऱ्या मोठ्या लोकांवर घेतलेल्या फिरक्या. सध्याच्या टंचाईवर इतकं तिखट बोलणारी दुसरी मालिका नाही, असं पेपरात छापून आलं होतं. ते वाचून आठवणबाईच्या डोक्यात तिडीक गेली होती. तिखट कसलं, डोंबलाचं! बाराव्या भागात बाबांनी स्कूटर विकली, तेराव्यात ती दारात उभी. एकोणिसाव्यात आईनं पडदे फाडून शर्ट शिवले, विसाव्यात पडदे जागेवर, तेही कडक इस्त्रीचे. अशा मालिकेचा कायदाच तो. घरात वाट्टेल ते होऊ दे, पुढचा भाग सुरू होताना सगळं जैसे थे पाहिजे. आणि ते जैसे थे करून ठेवणारी कोण, तर हीच.

तिच्या स्वतःच्या घरी मात्र कुणी येऊन जैसे थे करत नव्हतं. नवरा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होता. कारखान्याला कुलूप लागून नऊ महिने झाले होते आणि घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं. दोन महिन्यांपूर्वी फ्रीज गेला. गेला म्हणजे विकला, पण दोघंही ‘गेला’ असंच म्हणत. फरशीवर पायांचे चार पिवळट डाग तेवढे राहिले. त्या जागेवर अजून कुणी साधी बादलीसुद्धा ठेवली नव्हती. नवरा ओट्याकडे जाताना त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जायचा, जसा सोळा वर्षं गेला होता तसाच. ती बघायची आणि पोळपाटाकडे मान वळवायची. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

आणि नेमका बासष्टाव्या भागात लेखकानं बाबांना फ्रीज विकायला लावला. लेखक तिशीतला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे समोरच्याला विसरू न देणारा. ही मालिका शंभरेक माणसं समोर बसवून चित्रित होत असे आणि त्यांचं हसणंही ध्वनिमुद्रित होई. त्या दिवशी फ्रीज घ्यायला आलेल्या माणसानं दार उघडलं, आत पाण्याच्या बाटल्या. “यात तर काहीच नाही!” तो म्हणाला. “असतं तर विकला असता का?” बाबा म्हणाले. हशा पिकला. फ्रीज दाराबाहेर गेला आणि कोपरा मोकळा झाला. आठवणबाईनं शेवटच्या मांडणीचा फोटो काढला आणि बासष्ट भागांत पहिल्यांदाच तिला वाटलं की ही मालिका खोटं बोलत नाही.

चहाच्या वेळी तिनं लेखकाला गाठलं. “पुढच्या भागात फ्रीजचं काय?”

“काय म्हणजे? फ्रीज जागेवर.”

“विकलेला फ्रीज परत कुठून आला?”

“ताई, फ्रीजवाली कंपनी आपली जाहिरातदार आहे. विसरलात का?”

“मी विसरत नसते. पण एक भाग तरी तो कोपरा रिकामा राहू द्या. एकच. विकलेली वस्तू परत येत नाही, एवढं तरी दिसू दे लोकांना.”

लेखक हसला. “लोकांना घरी तेच दिसतं हो. आपल्याकडे ते विसरायला येतात.” आणि कप तिच्याच हातात देऊन तो फोनवर बोलत निघून गेला.

बरं, हा माणूस टंचाईवर लिहायचा! आठवणबाईला इतका राग आला की तो कप तिनं विसळलासुद्धा नाही, तसाच टेबलावर आपटला.

पुढच्या शूटिंगच्या सकाळी ती त्रेसष्टाव्या भागाचा कागद लिहायला बसली. सोफा: उशा दोन. घड्याळ: सव्वापाच. शेजारी मागच्या भागाचा फोटो होता आणि फोटोत कोपरा रिकामा होता. हाताला अकरा वर्षांची सवय, फोटोत जे आहे ते लिहिण्याची. तिनं लिहिलं, ‘फ्रीज: नाही.’ लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. इथवर ती चूकच होती. पण मग तिनं पेन उचललं, खोडायला म्हणून कागदावर टेकवलं, आणि टोपण लावून ठेवून दिलं. ही चूक नव्हती.

आता पुढची मजा बघा. सेट मांडणाऱ्यांनी कागद पाहिला आणि फ्रीज गोदामातच ठेवला. दिग्दर्शकाला वाटलं, लेखकानं बदल केला असेल. लेखकाला वाटलं, चॅनलनं सांगितलं असेल. कॅमेरावाल्याला काही वाटण्याचा पगार मिळत नव्हता. तीस माणसांनी रिकामा कोपरा पाहिला आणि एकानंही विचारलं नाही, कारण आठवणबाईचा कागद चुकत नाही.

तालीम झाली होती दुसऱ्या हॉलमध्ये, जमिनीवर खडूनं फ्रीजचा चौकोन आखून. बाबांच्या पायांत ती तालीम मुरलेली. दुधाची पिशवी घेऊन ते आत आले, कोपऱ्यापाशी वळसा घातला, ओट्याकडे गेले, आणि मग त्यांना कळलं की आपण नसलेल्या फ्रीजला वळसा घातला. नट जुना, रंगभूमीवर मुरलेला. थांबला नाही. मालिकेतली आईही तयारीची, ती आपल्या मनानंच म्हणाली, “अहो, सरळ या की. मोकळंच आहे आता.”

बाबांनी मागं वळून त्या जागेकडे पाहिलं. “फ्रीज विकला गं,” ते म्हणाले, “सवय कुणी घेईना.”

आधी मागच्या रांगेतून एका बाईचं हसू फुटलं, घसा बसल्यासारखं, अर्धवट खोकल्यासारखं, आणि तिच्यामागून सगळा हॉल हसला. लोक हसत होते आणि डोळे पुसत होते. आठवणबाई कागदाचं पॅड छातीशी धरून उभी होती. तिला रडू आवरेना. आपल्या स्वयंपाकघरातली, कुणालाही न सांगितलेली गोष्ट शंभर माणसांना ठाऊक होती! म्हणजे घराघरांत कुणी ना कुणी वळसा घालतच होतं.

संध्याकाळपर्यंत लेखक सांगत फिरत होता, “बाबांना मीच सुचवलं होतं.”

तीन दिवसांनी चॅनलच्या मॅडमनी तो भाग पाहिला आणि सगळ्यांना खोलीत बोलावलं. “ज्यांच्या फ्रीजवर तुमचे पगार होतात, त्यांचाच फ्रीज गायब? कुणाची ही अक्कल?” लेखक ताबडतोब म्हणाला की त्यानं तर यातला एक शब्दही लिहिलेला नाही. दिग्दर्शकानं हात वर केले. बाबा कधी नव्हे ते छताकडे बघत बसले. कागद फिरत फिरत मॅडमच्या हातात आला. खाली आठवणबाईची सही होती.

“चुकून झालं का?” मॅडमनी विचारलं. आवाज जरा खाली आला होता. सुटायला दार उघडं करून देत होत्या. “चुकून झालं असेल तर विषय मिटला. मुद्दाम असेल तर मला दुसरी बाई बघावी लागेल.”

सगळे तिच्याकडे बघत होते. मुद्दाम केलं, आणि तुमच्या साठ भागांत तेवढंच एक खरं होतं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घरी एकच पगार येत होता.

“चुकून,” ती म्हणाली.

अकरा वर्षांत न केलेली चूक तिनं एका शब्दात पदरात घेतली. बाहेर आल्यावर लेखक तिला म्हणाला, “होतं हो ताई असं, वयाबरोबर.” तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो जिन्याची पायरी चुकला.

दृश्य पुन्हा चित्रित झालं, प्रेक्षकांशिवाय. कागदावर तिनंच लिहिलं, ‘फ्रीज: जागेवर.’ बाबांनी दार उघडून दूध आत ठेवलं आणि लेखकाचं नवं वाक्य म्हटलं, “खिसा कितीही तापू दे, हा आपला गारच!” खुर्च्या रिकाम्या होत्या, त्यामुळे कुणी हसलं नाही. भरलेल्या असत्या तरी कुणी हसलं असतं असं नाही.

गुरुवारी संध्याकाळी आठला भाग लागला. ती नवऱ्याशेजारी बसून बघत होती. बाबांनी फ्रीज उघडला, वाक्य म्हटलं. मग मागून एका बाईचं हसू आलं, घसा बसल्यासारखं, अर्धवट खोकल्यासारखं, आणि तिच्यामागून सगळा हॉल. त्यांनी हसणं फेकून दिलं नव्हतं. तेच उचलून इथं चिकटवलं होतं.

“यात हसण्यासारखं काय आहे?” नवऱ्यानं विचारलं.

“यावर नाही हसले ते.”

“मग?”

तिनं सगळं सांगितलं. रिकामा कोपरा, बाबांचा वळसा, ते वाक्य, मागच्या रांगेतली बाई. नवरा टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत राहिला. त्यात आपण कुठं आहोत हे त्याला कळलं असणार, कारण त्याची मान खाली गेली. तो म्हणाला, “मग तेच दाखवायचं होतं की.”

“तेच तर!” ती ओरडली. “तेच तर म्हणत होते मी! तुम्हाला काय जातं बोलायला? जाऊन सांगा की त्या चॅनलच्या मॅडमना! मी सांगितलं असतं तर उद्या चूल कशावर पेटवली असती? तुमच्या शहाणपणावर?”

आठ दिवस एकाच्याही तोंडावर न काढलेला राग तिनं सगळाच्या सगळा त्याच्यावर काढला. आणि त्या सबंध प्रकरणात तिच्या बाजूचं बोललेला तो एकटाच होता. हे तिला बोलतानाच कळत होतं, तरी तोंड थांबत नव्हतं. त्यानं उलट शब्द काढला नाही. ती दमून गप्प झाल्यावर त्यानं फक्त विचारलं, “उद्या किती वाजता निघायचंय? गजर लावतो.”

“साडेसहाला,” ती म्हणाली.