विळा तापला होता, एवढे खरे

“म्हाताऱ्यानं इळा तापवून त्या इवल्याशा कुत्रीला डागलं, आन् आता डागदराचं नाव सांगतोय.” उरवड्याच्या रस्त्यावरील चहाच्या टपरीवर माझ्याविषयी असे सांगितले जाते. सांगणारा माझा सख्खा धाकटा भाऊ, म्हणून ऐकणाऱ्यांना ते पटते. माझ्या मुलीलाही पटले, आणि पुण्याहून ती कुत्रीला परत नेण्यासाठी जाळीच्या दाराची टोपली घेऊनच आली. म्हणून घडले ते मीच लिहितो.

कुत्री मुलीनेच दिलेली. कडेवर सहज मावेल एवढी. गेल्या हिवाळ्यात ती सकाळी आखडल्यासारखी उठू लागली. ओट्याच्या पायरीशी थबके. चालता चालता मागचा डावा पाय उचलून चार पावले तीन पायांवर उडे, आणि मग काहीच झाले नसल्यासारखी चाले. भाऊ म्हणे लाडावली आहे. वरच्या खोल्यांतले नोकरदार भाडेकरू म्हणत वय झाले. मी जन्मभर बैल राखले आहेत. तिला दुखते आहे हे मी ओळखले, आणि सर्वांच्या आधी ओळखले.

उपाय मात्र मी चुकीचा योजला होता, हे लपवीत नाही. आमच्याकडे लंगड्या बैलाच्या सांध्यावर तापल्या विळ्याचा डाग देत. मीही दिले आहेत. अंगणात चूल पेटवून भावाने विळा लाल केला.

“दादा, दे की आता. बैलाला देताना कवा इचार केलास?”

“बैलाचं कातडं आन् हिचं सारखं व्हय रं?”

“मंग तापवायला कशाला लावलास? तुज्याच्यानं न्हाई व्हायचं. हात कापतुया तुजा.”

तो तरातरा फाटकाबाहेर गेला. टोमणा मला झोंबला. मी विळा उचलला. डागायची जागा नेमकी कळावी म्हणून दुसऱ्या हाताने गुडघा चाचपला, तो वाटी बोटाखालून सरकली आणि पुन्हा जागेवर आली. कुत्रीने माझे मनगट दातांत धरले. चावली नाही; नुसती धरून थरथरत राहिली. मी विळा गुरांच्या पाण्यात फेकला. फाटकाबाहेर भावाने चर्र असा आवाज ऐकला तो त्या पाण्याचा.

दुसऱ्या दिवशी पिरंगुटला जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या सरकतात, सांधे झिजू लागले आहेत. दोन्हीकडचे केस भादरून त्यांनी सुईने सांध्यातले पाणी तपासायला काढले. माझ्या गुडघ्यांसाठीची गोळी तिला चालेल का, असे मी विचारताच ते कडाडले, “माणसाची गोळी द्याल तर जीव घ्याल!” त्यांनी दिलेले औषध तेवढेच मी दिले. बिस्किटे बंद करून वजन उतरवले. गुळगुळीत फरशीवर गोणपाटे अंथरली. तिला उचलताना एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, आणि फिरणे थोडे थोडे, दोन वेळा. महिन्याभरात ती ओट्यावर चढू लागली. गावाला मात्र तेवढे दोन उघडे गुडघेच दिसले.

काही महिन्यांनी मुलगी आली ती चपला न काढता उभी राहिली.

“आबा, डागलंत की नाही, एवढंच सांगा.”

“नाही.”

“काका तिथं होते.”

“तुझा काका फाटकाबाहेर होता. त्यानं आवाज ऐकला.”

“आणि त्यांनी पाठवलेला फोटो? दोन्ही पाय सोललेले दिसतात त्यात!”

तिने खाली बसून टोपलीचे दार उघडले. डॉक्टरांचा कागद माझ्या कपाटात होता. पण पोटच्या पोरीपुढे साक्षीदार उभा करणे मला मान्य नव्हते. मी कुत्री उचलली, मुलीच्या मांडीवर ठेवली आणि मुलीचा हात धरून त्या गुडघ्यांवर फिरवला. डागलेल्या जागी पुन्हा केस उगवत नाहीत. कुत्रीच्या दोन्ही गुडघ्यांवर बोट बुडेल एवढे केस आहेत.