नाझिया, तुझा आवाज तुटतोय

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्यांना तर मी फ्रिजमध्ये काय संपलंय इथपासून सगळं सांगते.

मी याद्या करणारी बाई. शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, आणि गेली काही वर्षं रत्नागिरीतल्या शाळांच्या मुलांचे ऑनलाइन वादविवाद भरवते. वही ठेवते — नाव, शाळा, बाजू, मिनिटं, शेरा. तीन मिनिटं झाली की देवघरातली घंटा वाजवते. मुलं ओरडतात, "बाई, आरती झाली, प्रसाद द्या!" फार गोड मुलं. म्हणूनच तर हे सांगायला जड जातंय.

नाझिया तेव्हा नववीत होती. मिरकरवाड्याची. बंदराचा गलका मागे घेऊनच ती बोलायची — बर्फ फोडल्याचा आवाज, कुणाच्या तरी हाका. विषय होता, शहराच्या कारभारात विद्यार्थ्यांचं ऐकावं का. पाहुणे होते तिच्याच भागाचे नगरसेवक. त्यांना मी महिनाभर फोन करकरून तयार केलं होतं. हा उपक्रम पुढच्या वर्षी आणखी शाळांत न्यायचा, तर त्यांचा शब्द हवा होता. यादीत तसं लिहिलंच होतं.

ती म्हणाली, आमच्या गल्लीतला दिवा बंद आहे. पहाटे मासळीच्या लिलावाला जाणाऱ्या बायका मोबाइलच्या उजेडात चालतात. माझी आई पडली. मग म्हणाली, "साहेबांनी एक दिवस आमच्याबरोबर चालावं. टॉर्च मी धरीन."

काय सुंदर बोलली होती! याचसाठी नव्हते का मी हे सगळं करत? साहेबांचा चेहरा उतरला. आणि मी — मी म्हटलं, "नाझिया, तुझा आवाज तुटतोय."

कुणीच काही बोललं नाही. ऑनलाइनचं असंच असतं ना — प्रत्येकाला वाटलं, मला येतोय, बाकीच्यांना येत नसेल.

ती फोन घेऊन जिना चढली. हलणाऱ्या चित्रात मला भिंत दिसली, मग आभाळ. "बाई, आता येतोय?" नाही गं. "आता?" नाही. घंटाही न वाजवता मी पुढचं नाव घेतलं. वहीत शेरा लिहिला — रेंज नाही. भ्याले होते मी, दुसरं काही नाही. त्या दिव्याचं पुढे काय झालं? मी विचारलं नाही. तो माझ्या कुठल्याच यादीत आला नाही.

नाझिया आता बारावीत आहे. नव्या मुलांची तयारी तीच करून घेते. अर्धा तास आधी गच्चीवर जाऊन बसते आणि पोरांना दरडावते, "आधी रेंज बघा रे, मग मुद्दे! माझी एक स्पर्धा त्यातच गेली." मग मला विचारते, "बाई, येतोय ना माझा आवाज?" दर वेळी. मी म्हणते, येतोय.

त्या दिवशीही येत होता. मागच्या बर्फासकट, शेवटच्या शब्दापर्यंत.