बाबांचा सात वारांचा प्रोग्रॅम

बाबा गणिताचे मास्तर. निवृत्त झाल्यावर कोकणात, पावस गावच्या घरी बसून, व्हिडिओ बघत बघत ते प्रोग्रॅमिंग शिकले. आपण विसरायला लागलोय हे आमच्या आधी त्यांनाच कळलं होतं. म्हणून त्यांनी चाळीसेक ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. सकाळी लॅपटॉप उघडला की तो वार विचारायचा आणि सांगायचा, आज आईची कुठली गोळी, आंब्याच्या कुठल्या कलमांना पाणी सोडायचं, कोणाला फोन करायचा.

मी पुण्यात प्रोग्रॅमिंगचंच काम करते. दिवाळीला घरी गेले तेव्हा त्यांनी तो मला दाखवला. सात वारांसाठी तेच तुकडे सात वेळा लिहिलेले. आईच्या गोळीला नाव दिलं होतं ‘ती’, विहिरीकडच्या कलमांना ‘खाली’. मला हसू आलं. नीट करून देते म्हटलं, तर खुशाल कर म्हणाले.

दुपारभर बसले. नावं बदलली, सगळी अर्थपूर्ण आणि इंग्रजी. सात तुकड्यांच्या जागी कुठल्याही वाराला चालेल असं एकच फंक्शन केलं, याद्या वेगळ्या काढल्या, टिपा लिहिल्या. ऑफिसात नव्या मुलांना शिकवते ते सगळं केलं. अठरा ओळींत काम झालं.

बाबांनी चष्मा पुसून वाचलं. सुबक आहे म्हणाले. मग हळूच विचारलं, "यात सोमवार कुठे गेला गो?"

मी समजावलं. त्यांनी मान हलवली. कळलं नसताना मान हलवणारी मुलं त्यांनी जन्मभर ओळखली होती. मला ते ओळखता आलं नाही.

महिन्याभराने डॉक्टरांनी आईची गोळी बदलली. आईचा फोन आला, सकाळपासून ते त्या लॅपटॉपसमोर बसलेत, गोळी कुठे लिहायची ते सापडत नाहीये, जेवायलाही उठत नाहीत. मी फोनवरून सांगत राहिले, ते "हो, हो" म्हणत राहिले. त्यानंतर त्यांनी प्रोग्रॅम उघडला नाही.

त्यांच्या मूळ प्रोग्रॅमची प्रत माझ्याकडे होती. शिमग्याला गेले तेव्हा ती उघडून त्यांच्यापुढे ठेवली. सातही वार, ‘ती’, ‘खाली’, जसंच्या तसं. त्यांनी ओळीवर बोट ठेवत, परक्याचं लिखाण वाचावं तसं शेवटपर्यंत वाचलं. मग लॅपटॉप अलगद माझ्याकडे सरकवला.

"तुझं काम चालू दे," म्हणाले. "मी मध्ये मध्ये नको."

आणि उठून बाहेर पडवीत जाऊन बसले.