शेंगोळ्यांची ओवी

माझ्या हातचा पहिला स्वयंपाक जेवलेली माणसं त्यानंतरही पुष्कळ वर्षं जगली, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. उगाच कुणी शेवटपर्यंत जीव मुठीत धरून वाचायला नको.

त्या वेळी मी जुन्नरला मराठी शाळेत मास्तर होतो. नवा नवा. डोक्याला पागोटं, अंगात बंद गळ्याचा कोट आणि पोटात खानावळीची आमटी! ती आमटी इतकी पातळ असे की वाटीत मला माझंच तोंड दिसायचं, आणि ते दर महिन्याला आणखी बारीक झालेलं असायचं. वर्षभर असं काढल्यावर मी सुट्टीत पिंपरी पेंढारला घरी गेलो आणि धीर करून आईला म्हणालो, "आई, जुन्नरला दोन खोल्या बघितल्यात. हिला घेऊन जातो."

'हिला' म्हणजे आमच्या मंडळींना. ही तेव्हा माजघराच्या दाराआड श्वास रोखून ऐकत होती (असं तिने मला पुढे सांगितलं. त्या घरात दिवसाउजेडी बायकोला काही विचारायची सोय नव्हती).

आई बाजरी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"ने की. पन म्हैन्याचे चार दिस ती बाहीर बसंल, तवा चुलीपाशी कोन? तुझा हेडमास्तर?"

मुद्दा बिनतोड होता. बाईला कावळा शिवला की तिने चार दिवस चुलीला, पाण्याला, भांड्याला हात लावायचा नाही, बाजूला बसायचं, अशी तेव्हा रीत. घरात पाच-सहा बायका असल्या की एक बसली काय आणि उठली काय, भाकरी थांबत नाही. पण दोन माणसांच्या बिऱ्हाडात एक बाजूला बसलं की उरतं एकच, आणि ते मी होतो.

"मी करीन स्वयंपाक!" मी म्हणालो.

आता मात्र सूप थांबलं. आई हसली. पदर तोंडाला लावून हसली, मग पदर काढून हसली. "तू? तुला गुळाचं मडकं कुठं आसतंय तेवढं ठावं हाय घरातलं!"

"त्यात काय एवढं अवघड आहे? बायकांना जमतं ते मला जमणार नाही?" (हे वाक्य मी दोन बायकांच्या कानांवर पडेल असं बोललो. वय लहान होतं.)

आईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं तर, ने. पन एक डाव मी यीन आन तुझ्या हातचं जेवीन. जमलं तर सूनबाई जुन्नरला ऱ्हाईल. न्हाई जमलं तर माझ्यासंगं गाडीत बसून माघारी यील, आन तू जा तुझ्या खानावळीला."

म्हणजे माझा सगळा संसार माझ्या दोन हातांवर येऊन ठेपला. आणि त्या हातांनी तोवर खडू आणि छडी यांखेरीज काही धरलं नव्हतं.

जुन्नरची जागा छान होती. पुढे जैन शेटजींचं कापडाचं दुकान, मागे आमच्या दोन खोल्या आणि त्यांच्याही मागे पडवी. पडवी आणि स्वयंपाकाची खोली यांच्यामध्ये भिंत, आणि भिंतीत हातभर झरोका. पहिले काही दिवस मी जेवण म्हणजे काय ते पुन्हा शिकलो. मग एका शुक्रवारी सकाळी उठून बघतो तर ही मागच्या पडवीत, घोंगडीवर, वाकळ शिवत बसलेली!

"चूल पेटवा," झरोक्यातून आवाज आला.

चूल पेटवता पेटवता तासाभराने दुकानातून शेटजी ओरडले, "मास्तर! गिऱ्हाईक खोकतंय! लुगडं दिसंना झालंय मला!"

धूर निवळल्यावर मी विचारलं, "भाताला पाणी किती?"

"अंदाजानं."

"अंदाजानं म्हणजे किती?"

"अवं, अंदाज म्हंजी अंदाज!"

"हे बघ, मी वर्गात पाच सक किती असं विचारलं आणि पोरगा 'अंदाजानं' म्हणाला, तर मी त्याला बाकावर उभा करीन."

"मग ऱ्हावा बाकावर उभे. भात न्हाई व्हनार."

शेवटी बोटाची दोन पेरं पाणी, असं ठरलं. मी बोट तांदळाच्या तळापर्यंत खुपसून मोजलं. ते वर ठेवून मोजायचं असतं हे तिने सांगितलं नव्हतं, कारण हे न कळणारा माणूस जगात असेल असं तिला वाटलं नव्हतं. भात दाताखाली खडीसारखा वाजला. भाकरीचं पीठ परात सोडून माझ्या कोपरापर्यंत आलं.

"फुगली का भाकर?" झरोका.

"नाही."

"मग का बोलंना झालाय?"

"मी फुगलोय."

तिला वाढायचं म्हणजे आणखी एक प्रकार. शिवायचं नाही, म्हणून लांबून, वरून! मी आमटी सोडली ती ताटात थोडी आणि वाकळेवर फार. पण खरं सांगतो, ही एका शब्दाने रागावली नाही. दुसऱ्या दिवशी भात मऊ झाला, भाकरी गोल नसली तरी भाकरी आहे एवढं ओळखू येऊ लागलं. झरोक्यातून आवाज यावा, मी तसं करावं. मला वाटलं, स्वयंपाक आला!

तिसरा दिवस रविवार, बाजाराचा. दहाच्या सुमाराला दारात बैलगाडी थांबली. ओतूरला मावशीकडे मुक्काम टाकून आई आली होती.

"मी दिस धरूनच आले," ती पायऱ्या चढत म्हणाली. मागे डोकावून तिने सुनेला विचारलं, "कवा बसलीस?"

"परवा, आत्याबाई."

"बरं झालं," असं म्हणून आईने स्वयंपाकाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बैठक मारली, कंबरेची पिशवी सोडली आणि सुपारी कातरायला घेतली. "चाल. मला शेंगोळी कर."

शेंगोळी! हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून मळायचं, हातावर वळून त्याची कडी करायची आणि उकळत्या झणझणीत पाण्यात सोडायची. आमच्या जुन्नर भागातला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही गेला तरी या एका पदार्थासाठी हळवा होतो. मी तो आयुष्यभर खाल्ला होता. तो करतात कसा, हे मी झरोक्याला विचारणार, एवढ्यात माझ्या लक्षात आलं.

आईसमोर बायकोशी बोलायचं कसं?

आजकालच्या मंडळींना हे कळायचं नाही. वडीलधाऱ्या माणसांपुढे नवरा-बायकोने एकमेकांशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणाची कमाल! आईसमोर हिला 'पाणी दे' म्हणायची माझी छाती नव्हती, तिथे 'पाणी किती घालू' कसं विचारणार? आणि तिने तरी सासूच्या कानावर पडेल असं नवऱ्याला शिकवायचं कसं? झरोका मुका झाला. मी परातीत पीठ घेऊन बसलो आणि पिठाने माझ्याकडे बघितलं.

मग पडवीतून गाणं आलं. वाकळ शिवता शिवता ही ओवी म्हणत होती.

"पहिली माझी ओवी गं, शिवनेरीच्या शिवाईला,
पाणी बेताबेतानं गं, हुलग्याच्या पिठाला!"

काय डोकं या बाईचं! मी मनातल्या मनात तिला शाबासकी दिली. फक्त एकच अडचण झाली. ओवीत आधी देवाला नमस्कार, आणि मग कामाचं बोलणं. शिवाई आळवून होईपर्यंत मी तांब्याभर पाणी ओतून मोकळा झालो होतो. मग आणखी पीठ घातलं. मग आणखी पाणी. परातीत आता गावजेवणाचा गोळा तयार झाला.

"लई पावनं येनारेत वाटतं," आई सुपारी चघळत म्हणाली.

मी पातेलं चुलीवर ठेवलं, तेल घातलं, लसूण टाकला आणि कान टवकारले.

"दुसरी माझी ओवी गं, घोडेगावच्या बंधवाला..."

आता भावाचं कौतुक सुरू झालं! माझा मेहुणा चांगला माणूस, पण त्याला आठवायची ही वेळ नव्हती. ही तान घेतेय, भाऊ घोडेगावातून निघतोय, आणि इकडे लसूण तांबडा झाला, तपकिरी झाला...

"...लाल होऊ द्यावा नुसता, लसूण गं फोडणीला!"

लसूण कोळसा झाला होता.

"मास्तर!" दुकानातून शेटजींचा आवाज. लसणाचं त्यांच्याकडे वावडं, त्यातून हा करपलेला! "मी दुकान बंद करून जाऊ का बाहेर?"

मी घाईघाईने पाणी ओतलं. आई सुपारी कातरत राहिली, आणि त्या अडकित्त्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली. कडी वळून झाली होती (त्यांना कडी म्हणणं हा माझा मोठेपणा). आता थांबायचं की टाकायची? आईचे डोळे माझ्या हातावर. मास्तर माणूस गोंधळलेला दिसता कामा नये. पडवीतून सूर लागला. "तिसरी माझी ओवी गं, कुकडीच्या गं पाण्याला..."

पाण्याला! म्हणजे पाण्यातच टाका! मला संकेत कळला. मी सगळी शेंगोळी एकदम पातेल्यात लोटली आणि पळीने जोरजोरात ढवळली.

"...उकळी आल्याबिगर गं, शेंगोळं ना सोडा त्याला!"

पाणी गार होतं. पातेल्यात माझ्या डोळ्यांदेखत कडी विरघळली. मी पळी उचलली तर पळीला चिखल. दुकानात शेटजी टर्रकन कापड फाडत होते. आणि तेवढ्यात, उंबऱ्यावर बसल्या बसल्या, आईने खडा सूर लावला.

"चवथी माझी ओवी गं, सूनबाईच्या गळ्याला,
सांगाया उशीर झाला, शेंगोळं गेलं तळाला!"

पडवीतली सुई थांबली. मग झरोक्यातून आधी एक बारीकसा आवाज आला, उंदराचा असावा तसा, आणि मग हसणं फुटलं. आईही हसायला लागली. फक्त मी हसत नव्हतो, कारण खाली मुंडी घालून मी एकच विचार करत होतो, की गाडी दारात आहे आणि हिचं गाठोडं बांधायला फार वेळ लागणार नाही.

मी ताट मांडलं. आईने बोट बुडवून चव घेतली.

"आमटी म्हनावी तर घट, पिठलं म्हनावं तर पातळ. ह्याला नाव काय?"

मी पळी निरखायला लागलो.

"सूनबाई, ह्याला नाव काय गं?"

झरोक्यातून हलकेच उत्तर आलं, "पयल्या खेपंचं हाय, आत्याबाई. दुसऱ्या खेपंला शेंगोळी व्हतील."

तिलाही डोळ्यांपुढे गाडी दिसत असणार. आईने भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला. आणखी एक मोडला. ताट पुसून काढलं आणि पुढे सरकवलं.

"वाढ."

"आं?"

"वाढ म्हनते न्हवं! घरात आमी बायका एकमेकींच्या हातचं खातो. पन बाप्यानं वाकून मला वाढलं, हे आजवर कदी झालं न्हवतं. वंगाळ झालंय, लई वंगाळ झालंय. पन वाढ."

मी वाढलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं (काही करपलेल्या लसणाचं असेल, पण सगळं त्याचं नव्हतं).

"मग आई," मी पळी हातात धरूनच विचारलं, "हिला... नेणार का?"

"तिला न्हेली तर तू खानार काय? हे? वरीस न्हाई काढायचास! ऱ्हाऊ दे तिला हितंच."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. जरा लवकरच टाकला. बाजार उरकून आई गाडीत चढली, आणि तिथूनच तिने घरात हाक मारली, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी.

"सूनबाई! फुडल्या खेपंला बसशील तवा मी बी येते. तू पडवीत बस, मी उंबऱ्यावर बसते. दोघी ओव्या म्हनू. रांधील ह्यो!"

आणि ती आली. पुढची कित्येक वर्षं दर महिन्याला, दिवस धरून, न चुकता. दोघींच्या गप्पा रंगायच्या, मी भाकऱ्या थापायचो, आणि भाकरी जाड झाली की दोघी मिळून नावं ठेवायच्या. वेगळं बिऱ्हाड मांडलं मी, पण त्या बिऱ्हाडात सून म्हणून जर कुणी नांदलं असेल, तर ते मीच!