काचेची शेगडी आणि उज्ज्वलाची चूल

मी आमच्या गावाहून, आंजीहून निघाले त्या सकाळी अंगणात गाडी उभी होती आणि मी स्वयंपाकघरात आईशी तव्यावरून भांडत होते. बॅगा चढवून झाल्या होत्या. बाबा ड्रायव्हरला नागपूरच्या विमानतळाचा रस्ता दुसऱ्यांदा समजावत होते. शेजारच्या बाया ओटी भरायला येऊन थांबल्या होत्या. आणि मी म्हणत होते, मला घरचाच तवा पाहिजे. काळाभोर, जड, मधोमध झिजलेला. माझ्या आठवणीतली प्रत्येक भाकर त्याच तव्यावरची होती. लग्न होऊन नवऱ्याकडे जर्मनीला चालले होते, आणि मला वाटत होतं की एवढा तवा सोबत असला की बाकीचं सगळं जमेल.

"तो घरचा हाय व रूपे," आई म्हणाली. "उज्ज्वलाले लागते." आणि वर्ध्याच्या बाजारातून आणलेला नवा कोरा तवा पेपरात गुंडाळून तिने माझ्या हातात दिला.

उज्ज्वला म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, गजूची बायको. वडनेरची मुलगी. तिला आमच्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. माझ्यासाठी चिवड्याचा डबा भरून ती दाराशी उभी होती, वाकून पायाही पडली. मी आशीर्वाद दिला आणि मनात म्हटलं, घे बाई, तवा तुझा, आई तुझी, चूल तुझी. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत मी रडत होते, आणि सगळ्यांना वाटलं की पोरगी सासरी चालली म्हणून रडते आहे.

तुमच्यापैकी जे बाहेर गेले त्यांना सांगायला नको, पण जे घरी राहिले त्यांच्यासाठी सांगते. इथल्या शेगडीला जाळ नसतो. ओट्यात बसवलेली एक काळी काच असते, तिच्यावर चार वर्तुळं आखलेली. बटण फिरवलं की काचेखाली लाल उजेड येतो, मध्येच जातो, परत येतो. बंद केली तरी काच कितीतरी वेळ तापलेलीच राहते. आपल्याकडे दूध वर आलं की गॅस बंद करतो आणि दूध गुमान खाली बसतं. इथे बटण बंद केल्यावरही ते आपल्या वाटेने जातं. नव्या तव्याची तर आणखीच तऱ्हा. तो बुडाला गोल. सपाट काचेवर ठेवला की डुलायचा, मधला रुपयाएवढा भाग तापायचा आणि भाकर कडेने कच्ची ती कच्चीच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं अंगण सरळ होतं आणि तेच नडत होतं.

पहिल्याच दिवशी मी एक पराक्रम केला. नव्या घरात पहिल्यांदा शेगडी पेटवताना दूध उतू घालायचं, ही आपली रीत. आईने फोनवर बजावलं होतं, "पूर्वेकडे सांडलं पाह्यजे. मंगच घर भरते." मी पातेलं भरून दूध ठेवलं, कुंकू लावलं, हात जोडून उभी राहिले. चुलीवर सांडलेलं दूध विस्तवात चुर्र होऊन संपतं. इथे ते काचेवर पूर्वेला, पश्चिमेला, सगळीकडे पसरलं, काळं पडलं आणि त्याचा असा धूर निघाला की छताला लावलेला आगीचा भोंगा किंचाळायला लागला. खालच्या मजल्यावरच्या आजी सपाता घालून वर धावत आल्या. मी हातात आरतीचं ताट घेऊन दार उघडलं. त्यांना काय वाटलं असेल ते त्यांनाच ठाऊक, पण त्यांनी ताटाकडे बघून दोन पावलं मागे घेतली. माझा नवरा संदीप त्यांना जर्मनमध्ये समजावत होता की आग लागलेली नाही, शुभ कार्य चाललेलं आहे.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. आई हसली, मला बरं वाटलं. मग मागून उज्ज्वलाच्या हसण्याचा आवाज आला आणि आई फोन बाजूला धरून तिला म्हणाली, "पाय बरं, शिकलेल्या लोकायचं कसं राह्यते." मला ते चांगलंच झोंबलं. मी जिथे उभी होते तिथे धुराचा वास होता आणि ह्या दोघी चुलीपुढे बसून माझी मजा घेत होत्या.

आमच्या घरी गॅस होता आणि आहे. चहा, पोळ्या, भात त्यावर होतात. पण भाकर आणि भरीत चुलीवर. आम्ही वांगी पिकवणारी माणसं, वर्ध्याच्या बाजारात भाजी नेणारी. आमच्या घरचं भरीत कसं होतं यावर आमची अब्रू ठरते. हिवाळ्यात तुराट्यांचा, तुरीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी टाकायची, वरून सोलून काढायची, कांद्याची पात, हिरवी मिरची, कच्चं तेल. यात लपवायला काहीच नाही. वांगं नीट भाजलं गेलं की भरीत जमलं. आणि ते भाजायला मला कधीच कोणी शिकवलं नाही. मी चुलीकडे सरकले की आई ओरडायची, "तू चुलीपाशी नोको येऊ, अभ्यास कर." मी अभ्यास केला. बीएस्सी झाले. चांगलं स्थळ आलं.

आणि उज्ज्वला आली, आणि आईने तिला चुलीपुढे बसवून सगळं शिकवलं.

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर रविवारी फोटो यायचा. उज्ज्वलाने केलेलं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, बाजूला कांदा. खाली बाबा लिहायचे, एक नंबर. बाबांनी माझ्या मार्कांना कधी एक नंबर म्हटलं नव्हतं. मी फोटो बोटांनी मोठा करून बघायची, कुठे साल राहिलंय का, तेल जास्त झालंय का. आई व्हिडिओवर म्हणायची, "उज्ज्वलाच्या हाताले लय चव हाय." मी म्हणायची, हो का, छान. आणि फोन ठेवल्यावर संदीपला म्हणायची, तुराट्यांवर कुणीही चांगलं भाजेल, त्यात काय मोठंसं. माझ्या पोटात दुखत होतं आणि ते लपवण्याचं मला काही कारण वाटत नव्हतं.

मग मी ओव्हनच्या मागे लागले. पहिलं वांगं शिजल्यासारखं निघालं, मऊ, सुरकुतलेलं, भाजल्याचा वास नाही. दुसरं आतल्या आत फुटलं, कारण मी त्याला टोचायला विसरले. हळूहळू कळत गेलं. वरची लाल सळई लावायची, वांगं तिच्या अगदी जवळ ठेवायचं, साल काळी पडून फुटेपर्यंत धीर धरायचा, मग झाकण घालून ठेवायचं. धुराच्या वासासाठी बाल्कनीत बार्बेक्यूचा एक कोळसा पेटवायचा, भरतात मांडलेल्या वाटीत ठेवून वर तेल सोडायचं आणि पातेलं झाकायचं. इथली वांगी जांभळी, चकचकीत आणि चवीला पाणी. तरी शेवटी एक दिवस असं भरीत झालं की मी ओट्यापाशी उभ्यानेच अर्धं संपवलं. सांगायला कोणी नव्हतं. फोटो टाकला, तर उज्ज्वलाने लिहिलं, ताई, रंग थोडा काळा आला वाटते.

दोन हिवाळ्यांनंतर मी आंजीला गेले ती एकच गोष्ट मनात धरून. चुलीवर माझ्या हाताने भरीत करायचं. पण माहेरवाशिणीला आपल्याकडे चुलीजवळ जाऊ देत नाहीत. आलेली पोरगी म्हणजे पाहुणी, तिने पाटावर बसून खायचं. तीन दिवस मी खाल्लं. चौथ्या दिवशी हट्टच केला. आईने हसत जागा दिली. मी भराभर तुराट्या कोंबल्या, चूल गुदमरली, घरभर धूर झाला, बाबा खोकत ओसरीवर गेले. उज्ज्वला मागून आली. माझ्या खांद्यावरून हात घालून तिने दोन काड्या बाहेर ओढल्या, आणि जाळ भडकला. एवढंच. मला तिचा तो हात धरून बाजूला करावासा वाटला.

"राहू दे व," आई म्हणाली, "तुही सवय गेली."

माझी सवय गेली नव्हती. ती मला कधी लागूच दिली नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी आई एकटी सापडली तेव्हा मी विचारलंच. "मले काऊन नाई शिकवलं?"

आई गवारीच्या शेंगा मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "शिकवलं असतं त तू चुलीपाशीच राह्यली असती."

मला ते कळलं. तरी विमानात बसल्यावर मी हाच विचार करत होते, की मग उज्ज्वला राहिली तर तिला काय कमी आहे.

या वर्षी एप्रिलमध्ये आई आमच्याकडे आली. बाबा वांग्यांना पाणी कोण देईल म्हणून आले नाहीत. मी सुट्टी काढली, पलंगावर नवी चादर घातली, आणि खरं सांगते, मनात म्हटलं, आता तीन महिने आई माझी. पहिल्या सकाळी ती काचेच्या शेगडीपुढे उभी राहिली, वाकून खालून बघितलं, बाजूने बघितलं आणि म्हणाली, "इस्तू कुठी हाय इच्यात?" मी तिचा हात धरून बटण फिरवायला शिकवलं. दूध कधी उतरवायचं ते सांगितलं. ती दचकत होती, विचारत होती, चुकत होती. मला जन्मात इतका आनंद झाला नसेल.

पण रोज दुपारी तिचा उज्ज्वलाला फोन. चुलीतली राख काढली का, तुराट्या आत टाकल्या का, गजू जेवला का. मी बाजूला बसून भांडी पुसायची आणि ऐकायची. एका दुपारी मी भरीत केलं, ओव्हनमध्ये, कोळशाच्या धुरासकट. आईने पहिला घास घेतला आणि चावायची थांबली. मग फोन उचलून व्हिडिओ लावला आणि ताट त्याच्यापुढे धरून म्हणाली, "उज्ज्वला, पाय. आगीबिना भाजलं पोरीनं. तुह्यापेक्षा बेस झालं बाई."

उज्ज्वला स्क्रीनवर होती. ती हसली, "हो काय आई, मस्तच," असं म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. थोडासाच, पण मला दिसला. तो चेहरा मी चांगला ओळखत होते. दर रविवारी फोन ठेवल्यावर तो माझ्या खिडकीच्या काचेत मला दिसायचा. मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतकं छान वाटलं की मी इथल्या सपाट तव्यावर आणखी एक भाकर टाकली.

मग तिने विचारलं, "आई, तुमी कधी येता? करमून नाई राह्यलं."

फोन ठेवल्यावर आई उठली. खुर्ची ओढून शेगडीपाशी बसायला गेली, पण खुर्चीवर बसलं की गुडघे कपाटाला लागत होते, आणि शेगडी तिच्या छातीच्या उंचीवर. ती परत उठली.

"तुही चूल बेस हाय," म्हणाली. "धूर नाई, राख नाई. पण इच्यापाशी बसता नाई येत."

मी विचारलं, म्हणजे काय. तेव्हा तिने सांगितलं की सगळ्यांची जेवणं झाली, की त्या दोघी चुलीपुढेच बसून राहतात. विस्तव थंड होईपर्यंत. थंडीत हात शेकतात, उन्हाळ्यात उगाच.

"काय बोलता एवढं?"

"काई नाई," आई म्हणाली. "तुह्याच गोठी."

ती जुलैत गेली. तेव्हापासून मी स्वयंपाक करताना हे आठवत असते. मला वाटत होतं मी भरताचा हेवा करते आहे, चवीचा, तव्याचा. ते तर मी इथे करून दाखवलं. मला हवी होती ती आईशेजारची दीड हात जमीन, आणि ती ओव्हनमध्ये होत नाही. दोन बायका तिथे बसून माझ्याबद्दल बोलतात आणि त्यातली एक मी नाही, याचा मला आजही राग येतो. येऊ दे. इथे मला नोकरी आहे, मित्र आहेत, खालच्या आजी आता भरताची वाटी मागून नेतात. पण इथे कुणाच्या जागेवर माझा डोळा नाही. ज्या दिवशी आंजीच्या त्या दीड हातासाठी माझ्या पोटात दुखायचं थांबेल, त्या दिवशी ते माझं घर राहणार नाही.

हे मी तिथे राहिलेल्यांसाठी लिहिलं आहे, म्हणजे खरं तर एकीसाठीच. उज्ज्वला, वांगी निघाली की मी येणार हाय. पाहुणी म्हणून पाटावर बसणार नाही. तू उठूही नोको, फक्त थोडी सरकून बसजो.