मंदाताईंची डबी

दुपारी जेवणं उरकली की शेजारच्या मंदाताई माझ्याकडे मालिका बघायला येतात. सध्या मराठीत बोलणारी एक परदेशी मालिका चालू आहे. खाणीत कंबर मोडलेला एक माणूस त्यात दुखणं थांबवायच्या गोळ्या घेतो आणि हळूहळू त्या गोळ्यांसाठीच जगू लागतो. आज तो बायकोवर ओरडला, "डॉक्टरांनीच दिल्यात!" मंदाताई हळहळल्या. "अगं, हिला दिसत कसं नाही?"

बोलता बोलता त्यांनी पिशवीतून स्टीलची डबी काढली. तिच्या एका कप्प्यात बडीशेप असते, दुसऱ्यात गुडघ्याच्या ऑपरेशनपासून चालू असलेल्या गोळ्या. पडद्यावरची नजर न हलवता त्यांनी एक गोळी गिळली.

"गुडघा अजून दुखतो?" मी विचारलं.

"गुडघा नाही गं. घेतली की बरं वाटतं."

त्यांना काहीतरी सांगायला हवं होतं. पण बरं वाटणं कुणाला नको असतं? सकाळपासून ओट्याशी उभं राहून माझीही पाठ भरून आली होती, आणि त्याहून आत कुठेतरी नुसताच शीण साचला होता. पाहुण्यापुढे धरावी तशी मंदाताईंनी डबी माझ्यापुढे धरली. "घे."

मी बडीशेप घेतली, असं लिहायला मला आवडलं असतं.