आधी अप्पा उतरायचे

आमच्या गावचा आड दर उन्हाळ्यात उपसायचा. नळदुर्गाकडच्या पट्ट्यात चैत्र सरला की आडात पाण्यापेक्षा गाळच जास्त. घरटी एक माणूस यायचा. म्होरके माझे थोरले चुलते, अप्पा. अंगानं चांगलेच भरलेले. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं सगळं त्यांच्या वजनावर येऊन ठेपतं.

रिवाज असा, की ज्यानं नाडा पारखला, त्यानंच त्याच्यावर पहिल्यांदा खाली उतरायचं. नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर. त्याच्या टोकाला आडवं लाकूड बांधायचं, त्यावर बसायचं आणि वरच्या गड्यांनी चाकावरून हळूहळू सोडायचं. पारखणारा खाली सुखरूप पोचला, की मगच दुसरा. त्या साली दुसरा मी होतो. नुकतं लग्न झालेलं, आणि घागर घेऊन उभ्या बायकांत आमची मंडळीही होती. त्यामुळं मी छाती पुढं काढून उभा होतो. छाती म्हणजे काय, फासळ्याच.

निजामाचा अंमल. त्यात लढाई चालू, बाजारात नवा दोर मिळेना. जुनाच नाडा कडब्याच्या कोठ्यातून काढला. अप्पांनी वेटोळं सोडायला घेतलं, तोच तहसीलचा चपराशी आला.

"जल्दी करो जी! साहेबांचा दौरा हाय. दुपारपातुर आड साफ पायजे."

अप्पांनी वरवरचा चार वाव दोर हातातून काढला, दोन हिसके दिले आणि म्हणाले, "पक्का हाय. बांधा."

नाडा चाकावर चढला. अप्पा काठावर बसले, लाकूड मांडीखाली घेतलं. कुणीतरी म्हणालं, "अप्पा, तुम्ही उतरल्यावर पाणी आपोआप वर यील, उपसायचं काम न्हाय!" सगळे हसले. मीही हसलो, पण जपून. आपला नंबर पुढचाच होता.

मग गर्दीतला एक म्हातारा सरळ मनानं बोलला, "उगं कशाला? अवंदा पुतण्याला आधी सोडा की. हलकं पोरगं हाय, नाडा झेपंल."

चपराशी म्हणाला, "बराबर. वो पहले."

मी आमच्या मंडळीकडं बघितलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता. आता 'नको' म्हणायची सोय नव्हती. मी आपला पुढं झालो.

अप्पांनी हात आडवा घातला. क्षणभर आडात बघत राहिले. मग लाकडावरून उठले.

"थांबा. म्या सगळा नाडा बघितला न्हाय. वरला तेवढाच बघितला."

"अप्पा भ्याले!" पोरं ओरडली.

"भ्यालो की! ह्याच्या जिवाची काळजी पडली, तवा नाड्याची आठवण झाली. तवर पक्का हाय म्हणून बसलो हुतो."

चपराशी कुरकुरला. अप्पा त्याला म्हणाले, "साहेबाला सांगा, म्होरक्यानं चूक केली म्हणून येळ झाला. माझं नाव सांगा."

नाडा उतरवून उन्हात लांब पसरला. वेटोळ्याचा तळ पावसाळ्यात ओल्या जमिनीला टेकून राहिला होता. तिथं दोराची अंबाडी काळी पडली होती. अप्पांनी ती जागा दोन्ही हातांत धरून पिळली. नुसता भुगा पडला. माझं म्हणाल, तर मी सावली बघून खाली बसलो. ऊन लई होतं, असं घरी सांगितलं.

शेजारच्या मळ्यातली चालू मोट सोडून तिचा नाडा आणला. अप्पांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून काढला. चपराशी एकदा उठला, एकदा बसला, मग त्यानं विडी पेटवली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा अप्पा लाकडावर बसले. चाक करकरलं, सोडणाऱ्या गड्यांच्या मानेच्या शिरा टरारल्या, आणि अप्पा दिसेनासे झाले.

बऱ्याच वेळानं खालून आवाज आला, "ये रं! नाडा पक्का हाय. पाय बघून ठेव, कपारीत इंचू हाय."

मी उतरलो. पाय लटलटत होते, ते सगळ्या गावानं बघितलं. पण ते विंचवापायी. नाड्याकडं मी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.